शंभर मैलांनंतर आवळायचे राहिलेले नट

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय रामरावजी. व्यासपीठावर बसलेले आमच्या मोटारमालक मंडळाचे वडीलधारे सभासद. ज्यांना निरोप द्यायला आपण सारे कामधंदा सोडून जमलो ते सत्कारमूर्ती सूर्यभानजी मिस्त्री. पुढच्या खुर्च्यांवरचे मालक, मागच्या सतरंजीवरची ड्रायव्हर आणि मिस्त्री मंडळी, आणि उजव्या हाताला बसलेल्या माता-भगिनींनो, आपणा सर्वांना या उत्तमरावाचा नमस्कार.

अध्यक्षमहाराज, बोलायला सुरुवात करण्यापूर्वी मला एक शंका आहे, ती आधी काढून टाकतो. अमरावतीत बोलणाऱ्या माणसांची काय वानवा आहे? वकील आहेत, मास्तर आहेत, दोन जण तर पुढेच बसले आहेत आणि त्यांचं भाषण खिशात तयार असेल. मग सूर्यभानजींच्या निरोपाचं मुख्य भाषण वलगाव रस्त्यावरच्या एका संत्र्याच्या बगीचेवाल्याला कशासाठी दिलं? मंडळाची चिठ्ठी आली त्या दिवसापासून मी विचार करून राहिलो आहे. चिठ्ठी उलटून पाहिली, अक्षर कोणाचं आहे ते पाहिलं. घरी रुख्मिणीबाईंना, म्हणजे आमच्या मंडळींना दाखवली. त्या म्हणाल्या, बोलावलं आहे तर जा, त्यात एवढं काय? इतक्या सहज म्हणाल्या की मला त्यांचाही संशय आला.

हसा, हसा. माझा स्वभाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. मघाशी माझ्या गळ्यात हार पडला तेव्हा झेंडू आजचा आहे की कालचा, हे मी आधी पाहिलं. आमच्या घराण्यात तीन पिढ्या फुलं, भाजी आणि फळं निघतात, त्यामुळे झेंडू मला फसवू शकत नाही. कालचाच आहे. पण ते असो.

चहा चालला होता तेव्हा मी मांडवाच्या खांबामागे उभा होतो. मुद्दाम उभा होतो, खोटं कशाला बोलू? तीन माणसं डोकी जवळ आणून बोलताना दिसली की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. तिघेही मोटारमालक होते. नावं घेत नाही. ते पुढच्याच रांगेत आहेत आणि आता एकमेकांकडे बघून राहिले आहेत. सूर्यभानजी उद्या अकोल्याला मुलीकडे राहायला जाणार आणि त्यांचा मोटारदुरुस्तीचा कारखाना उद्यापासून त्यांच्या हाताखालचा देवीदास चालवणार, हे तुम्ही सारे जाणताच. त्यावर एकजण म्हणाले, "पेताड माणसाच्या हाती गाडी कोन देईन?" दुसऱ्यांनी मान डोलावली. तिसऱ्यांनी महिन्याभरात कारखान्याला कुलूप लागेल, असं भविष्य सांगितलं. देवीदास तिथून दहा हातांवर पाहुण्यांच्या कपबशा गोळा करत होता. त्याने ऐकलं की नाही हे मी सांगू शकत नाही, पण कपबशा गोळा करायचा तो थांबला.

सभ्य गृहस्थहो, या 'पेताड' शब्दाबद्दल मला आज बोलायचं आहे. हा शब्द उद्याही टिकला तर देवीदासच्या दारात गाडी येणार नाही, आणि त्याचं घर दुसऱ्यांदा उठेल. पहिल्यांदा कसं उठलं, हे मला पक्कं माहीत आहे. त्यासाठी मला गॅस्केटची गोष्ट सांगावी लागेल. निरोपाच्या सभेत गॅस्केट कुठून आलं, असं वाटून अध्यक्षांनी घड्याळ काढू नये. काढलंच आहे, मी पाहिलं. तरी सांगतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. लढाईचे दिवस. पेट्रोल कुपनावर, टायर मिळत नाही, स्पार्क प्लग तर सोन्याच्या मोलाचा. बदलीवर गेलेल्या एका साहेबाची बंद टपाची मोटार मी घेतली होती आणि देवीदास तिचा ड्रायव्हर होता. दर्यापूरकडचा माणूस, बोलायला कमी, पण गाडी अशी चालवायचा की मागे बसलेल्या माझ्या आईच्या हातातला पानाचा डबा हलत नसे. त्या वर्षी दिवाळीनंतर गाडीला एक आवाज लागला. सकाळी गार गाडी सुरू केली की टिक टिक टिक, अगदी भिंतीत घड्याळ बसवल्यासारखा. दोन मैल गेलं की आवाज बंद. मी म्हटलं, चला, आपोआप बरी झाली. देवीदास म्हणाला की लोखंड तापलं की फुगतं, फट बुजते, गार झालं की पुन्हा उघडते. मालक, सूर्यभान मिस्त्रींना दाखवू. झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. ड्रायव्हर स्वतःहून मिस्त्रीचं नाव घेतो म्हणजे दोघांचं काहीतरी ठरलेलं असणार!

माता-भगिनींना फटीचा प्रकार कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. मागच्या मंडळींनी हसू नये. इंजिनाच्या बाजूला बिडाचा एक पोकळ हात असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. इंजिनातला जळका धूर तो गोळा करतो आणि मागच्या नळीत सोडतो. इंजिन आणि तो हात यांच्यामध्ये तांब्याची एक पातळ पत्री दाबून बसवलेली असते, ती गॅस्केट. धुराला मधल्या फटीतून बाहेर येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. ती जळाली, झिजली, की धूर फटीतून फटफटत बाहेर पडतो. तोच तो टिक टिक आवाज.

तर मी सूर्यभानजींच्या कारखान्यात पहिल्यांदा गेलो तो असा, डोळ्यांत तेल घालून. सूर्यभानजींनी नमस्कार केला, बॉनेट उघडलं आणि काय केलं असेल? पान्हा नाही, हातोडी नाही. कानावरून कापसाचा पेळू काढला! वऱ्हाडात कापसाला काय तोटा, पण मिस्त्रीच्या कानावर कापूस पाहून मला वाटलं, हा माणूस आता मंत्र म्हणणार. त्यांनी पेळूचा एक तंतू तारेच्या टोकाला अडकवला, गाडी गार असतानाच सुरू करायला लावली आणि तो तंतू सांध्यावरून हळूहळू फिरवला. पुढे काही नाही, मध्ये काही नाही. मागच्या टोकाला आला आणि फडफडायला लागला. तिथेच सांध्याखाली काजळीचा काळा पट्टा होता. मग दुसऱ्या बाजूला, जिथून हवा आत जाते तिथल्या सांध्यावर, त्यांनी तेलाचे दोन थेंब सोडले आणि कान लावला. इंजिनाचा सूर बदलला नाही. म्हणाले, आत जाणारी बाजू ठीक आहे, बाहेर जाणारी गेली आहे. सगळं दोन मिनिटांत झालं. आता तुम्हीच सांगा, इतक्या लवकर रोग सापडला तर माझ्यासारख्या माणसाने विश्वास कसा ठेवावा?

मी सांगितलं, गॅस्केट बदला, पण मी समोर खुर्ची टाकून बसणार आणि काढलेलं जुनं गॅस्केट माझ्या हातात द्यायचं. जुनं सामान परत मागण्याचा आपल्याकडे रिवाजच आहे, त्यात मी वेगळं काही केलं नाही. वेगळं केलं ते पुढे. मॅनिफोल्डच्या सातही नटांवर मी चुन्याच्या बोटाने खुणा करून ठेवल्या, कोणी ते बदलू नयेत म्हणून. मागून हसण्याचा आवाज आला, तो बरोबर आहे. देवीदासने त्या दिवशी सातही खुणा मुकाट्याने मोजून दाखवल्या होत्या.

सूर्यभानजींचं काम तेव्हा मी अथपासून इतिपर्यंत पाहिलं आणि संशयाने पाहिलं, म्हणून मला ते अजून पाठ आहे. नव्या गॅस्केटसाठी मुंबईला लिहावं लागलं, तीन आठवडे गेले. तोवर पुठ्ठ्याचं कापून घाला, असं मी सुचवलं होतं. ते म्हणाले, पुठ्ठा चार दिवसांत जळेल आणि धूर कुठे जाईल ते सांगता येणार नाही. गॅस्केट आलं तेव्हा गंजलेल्या नटांवर त्यांनी रॉकेल सोडून ठेवलं आणि तासाभराने हात लावला. घाई केली तर नट ज्यावर बसतो तो खुंट मोडतो म्हणाले. जुनी पत्री काढली, ती एका टोकाला काळी ठिक्कर पडून तुटली होती. दोन्ही बाजू खरवडून अशा साफ केल्या की बोट फिरवलं तर काही लागू नये. त्यावर पोलादी पट्टी आडवी धरून उजेडात पाहिलं, बीड वाकडं तर झालं नाही ना म्हणून. नवं गॅस्केट बसवलं आणि नट आवळायला घेतले ते मधल्यापासून. मधला थोडा, मग त्याच्या आजूबाजूचे थोडे, मग टोकाचे, पुन्हा मधला. मी विचारलं, एका टोकापासून सरळ का येत नाही? ते म्हणाले, टोकं आधी दाबली तर मध्ये पोट राहतं. उत्तर इतकं सरळ होतं की मला त्यात काही सापडलं नाही.

पण निघताना सापडलं! सूर्यभानजी म्हणाले, "उत्तमराव, शंभर मैल चालली का गाडी घेऊन या. गॅस्केट दबते, नट ढिले पडते. एक डाव पुन्हा आवळा लागते." मी मनात म्हटलं, आता आलास वाटेवर. बरोबर बसवलेलं पुन्हा कशाला आवळायचं? मी खुर्चीवर नसेन, चुन्याच्या खुणा पुसलेल्या असतील, आणि माझे चांगले प्लग, माझा कार्ब्युरेटर दुसऱ्याच्या गाडीत जाईल. लढाईच्या दिवसांत तेच चाललं होतं, मी काही हवेतून संशय घेत नव्हतो. मी हसून होय म्हटलं, जुनं गॅस्केट रुमालात बांधलं आणि थेट लोहाराकडे गेलो. त्याच्याकडून बॉनेटवर आडवी लोखंडी पट्टी करून घेतली, पट्टीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या करदोड्याला बांधली. तेल पाहायचं असेल तेव्हा मी उघडणार, देवीदासने कांडी काढून पाहायची, मी लगेच लावणार.

शंभर मैल झाले, दोनशे झाले. आवाज पुन्हा लागला, आता बारीक, सूं सूं करत. देवीदासने मला तीन वेळा सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं, मिस्त्रींनी बोलावलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं, गाडी चढावर दम खाते. तिसऱ्यांदा त्याने अंगणात समोर उभं राहून सांगितलं, "मालक, पायाखालून धूर येऊन राह्यला. डोकं गरगरते. पाच मिनिटं कुलूप काढा, मी आवळून देतो." मी म्हणालो, पाच मिनिटांत काय काय निघतं ते मला समजतं. तो फडकं घेऊन काचा पुसायला गेला.

पुढचं बोलायला मला जड जातं. पण आज नाही बोललो तर पुन्हा बोलणार नाही.

त्या माघात माझ्या भाचीचं लग्न ठरलं, साक्षगंध होतं अकोल्याला. कुपनं साठवून ठेवली होती. सकाळी थंडी होती, आईला धूळ सोसत नाही, म्हणून मागच्या काचा बंद. आई माणिकबाई आणि रुख्मिणी मागे. देवीदासची काच बंद, कारण वारा त्याच्या बाजूने येत होता. माझी काच तेवढी उघडी, कारण मी तंबाखू खातो; तिचा वारा मला आणि माझ्यामागे बसलेल्या रुख्मिणीला लागत होता. बडनेरा सुटलं आणि देवीदास जांभया देऊ लागला. डोळे लाल. मी काही विचारलं तर जीभ जड. आई मागून म्हणाली, मळमळतं आहे. मला वाटलं, हिला साक्षगंधाला यायचंच नव्हतं. मग वाटलं, रुख्मिणीने सकाळी काही शिळं खायला घातलं असेल. माझ्या मनात येत नव्हती ती फक्त खरी गोष्ट. मूर्तिजापूर दोन मैल राहिलं असताना गाडी रस्ता सोडून नालीत उतरली आणि काळ्या मातीत थांबली. देवीदास स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. मागे आई शुद्धीवर नव्हती.

रुख्मिणीने आणि वाटेवरच्या दोन गाडीवानांनी आईला उचलून कडूनिंबाखाली निजवलं. अर्ध्या तासात आई उठून बसली, पाणी मागितलं. देवीदासही उघड्यावर आला आणि त्याचे डोळे निवळले. बंद गाडीत आजारी पडलेली दोन माणसं मोकळ्या हवेत बरी होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पाहूनही मला ते दिसलं नाही, कारण मी तोवर देवीदासचा गुन्हा ठरवून टाकला होता.

बैलांनी गाडी ओढून काढली आणि आम्ही मूर्तिजापूरच्या मोटारअड्ड्यावर आलो. सर्व्हिस मोटारींचे ड्रायव्हर तिथे भाकरी खात बसले होते. आज मागे बसलेल्यांपैकी काहीजण त्यात असतील. त्या सर्वांसमोर मी देवीदासला उभं केलं आणि म्हणालो, श्वास सोड. त्याने सोडला. वास आला नाही. मी म्हणालो, वेलदोडा खाल्ला असेल. पुन्हा सोड. त्याने पुन्हा सोडला. मग मी गाडीची चावी त्याच्या हातातून घेतली, दुसऱ्या ड्रायव्हरला दिली आणि आईला वारा लागावा म्हणून सगळ्या काचा उघडून पुढे निघालो. देवीदास मूर्तिजापूरहून चालत परत गेला की रेल्वेने, हे मी कधी विचारलं नाही.

साक्षगंधाला अकोल्याचे आठ-दहा मोटारमालक होते. माझी आई मरता मरता वाचली, हे सांगताना कारण सांगावं लागतं, आणि कारण मी सांगितलं. आठवड्याभरात अमरावतीत सर्वांना ठाऊक झालं. तुम्हाला तो शब्द कोणी सांगितला असेल त्याला विचारा, त्याला कोणी सांगितला ते विचारा, आणि असं मागे मागे जा. शेवटी तुम्ही माझ्यापाशी येऊन थांबाल.

काही दिवसांनी देवीदासची बायको मैनाबाई आमच्या अंगणात आली. भाजीबाजारात पालेभाजी विकणारी बाई. रडली नाही. म्हणाली, "माया घरात राह्यते थो माणूस, मले नाई समजत का? यायनं कदी तोंडाले लावली नाई." मी आत निघून गेलो. बाई पढवून पाठवली आहे, असं मला वाटलं.

पुढच्या महिन्यात बगीच्यातला माल निघाला. नवा ड्रायव्हर ठेवायचा मला धीर होत नव्हता, म्हणून मी स्वतः गाडी हाकायला लागलो. थंडीची काच बंद करून बसलो. रुख्मिणी मागे होती. त्या दिवसापासून ती आपली काच खाली करूनच बसत असे. वलगावच्या अलीकडे माझं डोकं ठणकू लागलं, रस्ता दोन दिसू लागला, आणि समोरून येणारी बैलगाडी मला दिसली ती बैलांची शिंगं बॉनेटच्या वर आली तेव्हा. मी गाडी वळवली, तुरीच्या शेतात घातली. खाली उतरून बांधावर बसलो, डोकं धरून. रुख्मिणी समोर येऊन उभी राहिली. माझे डोळे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "आज तुमी कोनती पेऊन आले?"

मंडळी, जन्मभर मी लोकांवर संशय घेत आलो. आमच्या घरातल्या माणसाने माझ्यावर घेतला, तो त्या दिवशी पहिल्यांदा. पण तिने संशय घेतलाच नव्हता. तिला सारं कळून चुकलं होतं. तिने मला विचारलं की संत्र्याच्या करंड्या बगीच्यात तुम्ही आवळून बांधता, मग बैलगाडीतून बडनेऱ्याला पोचल्या की स्टेशनावर एकेक करंडीची सुतळी पुन्हा का आवळता? मी म्हणालो, वाटेत फळ दबतं, सुतळी ढिली पडते, तशीच पाठवली तर माल सडून पोचतो. ती म्हणाली, "मंग मिस्त्री काय येगळं म्हनत होता?"

वीस वर्षं बडनेऱ्याच्या फलाटावर मी हेच करतो. हमालाने एखादी करंडी तशीच डब्यात ठेवली तर त्याच्यावर ओरडतो. आणि हीच गोष्ट सूर्यभानजींनी सांगितली तेव्हा मला ती लबाडी वाटली. आमच्या धंद्यातल्या माणसाने करू नये अशी चूक मी केली, आणि तीसुद्धा कुलूप लावून केली.

गाडी बैलांनी ओढून सूर्यभानजींकडे नेली. कुलूप मी माझ्या हातांनी काढलं. सूर्यभानजींनी पान्हा घेतला नाही, नुसती बोटं लावली. मागचे दोन नट बोटांनी फिरले. त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालची फळी उचलली. तिची खालची बाजू काजळीने माखली होती आणि ब्रेक आणि क्लचच्या दांड्यांजवळच्या फटीतून वरचा उजेड दिसत होता. या धुराला फारसा वास नसतो, ते म्हणाले. माणूस गुंगतो, मग झोपतो, आणि बंद गाडीत झोपला की बहुतेक उठत नाही. मग त्यांनी विचारलं, देवीदास कुठे आहे? मी म्हणालो, काम सोडून गावी गेला. सूर्यभानजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सर्व ठाऊक होतं. मूर्तिजापूरची बातमी त्यांच्या कारखान्यात माझ्याआधी पोचली होती.

मी त्यांना म्हणालो, तुम्हीच लोकांना खरं सांगून टाका, तुमचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. तेव्हा ते जे म्हणाले ते मी इथे जसंच्या तसं सांगतो. "उत्तमराव, थे सांगनं तुमचं काम आहे. मी सांगतलं तं लोक म्हनतीन, मिस्त्री आपल्या मानसाले सांभाळून राह्यला." मी त्यांना शब्द दिला, सांगतो म्हणून.

नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता चार वर्षं गेली. मूर्तिजापूरला श्वास सोड म्हणताना मला जराही लाज वाटली नव्हती. ते चूक होतं, एवढं सांगायला मात्र वाटली. देवीदासला आठ महिने कोणी गाडी दिली नाही. तो मैनाबाईच्या भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजारात येत होता, मी लांबून पाहिलं आहे. मग एक दिवस सूर्यभानजी भाजीबाजारात गेले आणि त्याला कारखान्यात घेऊन आले. तेव्हापासून तुमच्यापैकी किती जणांच्या गाड्यांची गॅस्केटं त्याने बदलली, किती नट दुसऱ्यांदा आवळले, हे तुम्हाला माहीत नाही, कारण गाडी तुम्ही मिस्त्रींच्या हातात दिली होती. देवीदासला तुम्ही आडोशाला उभं केलं होतं. तो आडोसा माझ्या शब्दाने उभा राहिला होता.

भाषण मला कशासाठी दिलं, याचा उलगडा मला मघाशी खांबामागे झाला. चिठ्ठी मंडळाची असली तरी नाव कोणी सुचवलं असेल, हे आता मी ओळखतो. सूर्यभानजी, तुम्ही मला चार वर्षांत एकदाही आठवण दिली नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी मात्र माईकसमोर आणून उभं केलंत. मी तुम्हाला साधा माणूस समजत होतो!

सूर्यभानजींविषयी चार चांगले शब्द बोलायला मला बोलावलं होतं, ते एवढेच बोलतो. बत्तीस वर्षांत या माणसाने कोणाच्या गाडीतलं सामान बदलून घेतलं नाही. मी शोधलं होतं, म्हणून खात्रीने सांगतो. अकोल्यात त्यांना स्वस्थ बसू देणार नाहीत. अकोलेकरांनी एवढं करावं, त्यांनी शंभर मैलांनंतर या म्हटलं की जावं.

आता आभार. अध्यक्षमहाराजांनी घड्याळ दोनदा पाहूनही मला थांबवलं नाही, त्यांचे आभार. या कापसाच्या जिनाचं आवार सभेसाठी वापरू दिलं, त्या मालकांचे आभार. चहा देणाऱ्यांचे आभार. पुढच्या रांगेतल्या त्या तीन गृहस्थांचेही आभार. ते जरा हळू बोलले असते तर मी आज पुन्हा गुळगुळीत भाषण करून घरी गेलो असतो.

बोलण्यात उणं-अधिक झालं असेल तर सभेने ते पोटात घालावं, असं शेवटी म्हणायचं असतं. ते म्हणतो. पण माझी खरी चूक या सभेत झालेली नाही, ती मोटारअड्ड्यावर झाली, दिवसाढवळ्या, भरल्या माणसांत. तिची क्षमा सभेकडे मागून चालणार नाही.

देवीदासभाऊ, दाराजवळ उभे आहात, दिसता मला. जाऊ नका, दोनच वाक्यं आहेत. तुम्ही त्या दिवशी प्यायला नव्हतात. माझ्या गाडीचा धूर छातीत घेऊन तुम्ही माझ्या आईला नेत होतात. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा डाव्या हाताला बाभळी होत्या आणि उजव्या हाताला नाली, आणि गाडी तुम्ही नालीत घातलीत. म्हणून माझी आई आज तिकडे बायकांमध्ये बसली आहे. आणि त्याबद्दल मी चारचौघांत तुमच्या तोंडाचा वास घेतला. माझं चुकलं, देवीदासभाऊ. मला क्षमा करा.

उद्या सकाळी माझी गाडी तुमच्या कारखान्याच्या दारात येईल. ती आत घ्यायची की दारातूनच परत पाठवायची, हे तुम्ही ठरवा. परत पाठवलीत, तर का पाठवली, हे विचारायला मी येणार नाही.